खडकवाडीची टाकी आणि माझा जबाब

गुरुवार, ११ फेब्रुवारी २०१६. नेकनूर

आप्पा म्हणाले, उत्तरेश्वर, आता रोजच्या रोज लिहून ठेवत जा, चौकशीत कोण काय विचारील सांगता येत नाही. आप्पा आमच्या मजूर सहकारी संस्थेचे चेअरमन, मी मुकादम. संस्थेचे एकोणीस सभासद आहेत, बायका धरून. सगळे पूर्वी ऊस तोडायला जाणारे. सहा वर्षांपूर्वी आम्ही कोयते ठेवले आणि गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांना आतून लेप द्यायचं काम धरलं. टाकी कोरडी असली तरच आत उतरता येतं, म्हणून दुष्काळात आमच्या हाताला काम असतं. यंदा तर जिल्हाभर काम आहे.

घडलं त्याला आज नऊ दिवस झाले. मंगळवार, दोन तारीख, खडकवाडीची जमिनीत बांधलेली टाकी. काळ्या लेपाचा दुसरा हात चालू होता. हा लेप डांबरासारखा घट्ट असतो, त्यात थिनर घालून पातळ करावा लागतो. आत दोघं होते, माझा मेहुणा सटवा आणि म्हाळू. साडेअकराच्या सुमारास म्हाळू पाणी प्यायला वर आला. मी तोंडाशी होतो. आत अंधार असतो म्हणून बल्ब सोडावा लागतो, ते चाललं होतं. तेवढ्यात भप्प असा आवाज झाला आणि टाकीच्या तोंडातून निळा जाळ माझ्या छातीएवढा वर आला. आला आणि गेला. मग सटवा आपणच शिडीनं वर आला. मला वाटलं त्याच्या अंगात सदरा नाही. सदरा होता, अंगाला चिकटला होता.

गावातल्या बायकांनी त्याला ओल्या गोधडीत गुंडाळलं. जीपमधून बीडला नेला.

तहसील कचेरीतल्या जबाबात मी लिहून दिलं की सटवानं आत बिडी पेटवली असावी. म्हाळूनंही तेच सांगितलं. आत गेलेला माणूस काय करतो ते वरून दिसत नाही. सटवा मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढतो हे सगळ्या गावाला माहीत आहे.

माझी बायको वत्सला त्याची थोरली बहीण. घरात ती फार बोलत नाही. भावाचं दुःख आहे, मी समजून घेतो.

रविवार, १४ फेब्रुवारी

सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं बीडला गेलो. सटवाचे दोन्ही हात बोटांच्या टोकांपर्यंत पट्ट्यांत आहेत. मान आणि डावा गाल सोलल्यासारखा झाला आहे. त्याची बायको मंजुळा त्याला चमच्यानं पेज भरवत होती. डॉक्टर म्हणाले, डोळे वाचले, हातही वाचतील, पण बोटं पहिल्यासारखी वळतील का हे आत्ता सांगता येणार नाही.

जबाबाचं मी त्याला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. उद्या कोणी त्याला विचारलं तर दोघांच्या तोंडून दोन गोष्टी यायला नकोत. तो वरच्या पंख्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "लिवलंय ना दाजी? मंग झालं."

मंजुळाच्या हातातला चमचा मध्येच थांबला. वत्सला उठून बाहेर व्हरांड्यात गेली. तिला औषधांचा वास सोसत नाही.

येताना एसटीत माझ्याशेजारी जागा होती, तरी ती पुढं एका बाईजवळ जाऊन बसली. तिला खिडकी हवी असेल.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आज दुसऱ्या टाकीवर काम सुरू करायचं होतं. सामान उतरवलं, शिडी लावली, पण आत कोणी उतरेना. मी उतरतो म्हणालो तरी वरून डबे द्यायला कोणी पुढं येईना. छबुबाई डब्यापाशी बसली होती. संस्थेत ती पहिल्या दिवसापासून आहे, माल कालवायचं काम तिचंच. तिनं डब्यावरच्या लाल चित्रावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे.

मी म्हणालो, आगीचं चित्र आहे.

ती चित्राकडं बघत बसली. "सा वर्सं म्या ह्यो डबा उघडती," ती म्हणाली. "मला वाटलं कंपनीचा फुलाचा छाप हाय. तुमाला तर वाचाया येतंय मुकादम. कावून सांगितलं न्हाई?"

थिनर पेट घेतो हे कोणाला ठाऊक नसतं, असं मी बोललो. पण खरं म्हणजे त्यावर काय लिहिलंय ते मीही कधी पुरतं वाचलं नव्हतं. आज वाचलं. बंद जागेत वापरू नये, असं पहिल्याच ओळीत आहे. आम्ही तो बंद जागेखेरीज कुठं वापरलाच नाही. आत अर्धा तास बसलं की डोकं हलकं व्हायचं, माणसं वर येऊन उगीच हसायची. आज फुकटची चढली, अशी चेष्टा चालायची. मीही हसायचो.

काम बंद ठेवून घरी आलो.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

पंचायत समितीच्या शाखा अभियंता मॅडम खडकवाडीची टाकी बघायला आल्या होत्या. तरुण आहेत, कमी बोलतात. टाकीच्या भिंतींचे आतले पापुद्रे सुटून लोंबताहेत.

मॅडमनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर निघून जात नाही, पाण्यासारखी तळाला साचते, आणि डोळ्याला दिसत नाही. तिला पेटायला काडीच लागते असं नाही, विजेच्या सैल जोडाची ठिणगीही पुरते. बिडी बंद केली म्हणून धोका टळत नाही. थिनर आत न्यायचाच नाही, हा एकच उपाय. पाण्यात कालवायचा लेप मिळतो, तो पेटत नाही. आष्टीकडं धुळाजी नावाचे एक मिस्त्री तोच वापरतात.

मग त्यांनी विचारलं, उजेडासाठी तुम्ही काय वापरता. मी म्हणालो, बल्ब. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

आज ऊन फार होतं. फेब्रुवारीत हे, तर पुढं काय होईल.

गुरुवार, ३ मार्च

आष्टीला जाऊन आलो. धुळाजी मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत, शेतातल्या सिमेंटच्या टाक्या बांधतात आणि आतून लेपही तेच देतात. त्यांनी सगळं करून दाखवलं. दुधासारखं पांढरं औषध आणि सिमेंटची बारीक पूड, दोन्ही बादलीत कालवायचं. भिंत आधी धुऊन ओली करायची. मग ब्रशनं दोन हात. त्यानंतर आठ दिवस आत ओल धरून ठेवायची, तोवर पाणी भरायचं नाही. हा लेप पोटात जाणाऱ्या पाण्याला चालतो, तसं पिशवीवर छापलेलंही आहे. वास म्हणाल तर ओल्या गिलाव्यासारखा.

त्यांनी काडी पेटवून बादलीत धरली. मी दोन पावलं मागं सरलो. काडी चर्र करून विझली. ते हसले, मग माझ्याकडं नीट बघून हसायचे थांबले.

"भुवया कशानं जळाल्या?"

मी म्हणालो, टाकीच्या तोंडाशी होतो.

"काय करत व्हता?"

बल्ब सोडत होतो, असं माझ्या तोंडून गेलं. त्यांनी चहा सांगितला. दोघांनी प्यायला.

अडचण एकच आहे. काळ्या लेपाला पाण्याचा थेंब लागत नाही आणि दोन दिवसांत टाकी मोकळी होते. या लेपाला धुवायला पाणी, कालवायला पाणी, ओल धरायला पाणी. आणि टाकी दहा दिवस बंद. गावात टँकर दिवसाआड येतोय, तिथं हे कसं सांगायचं.

सोमवार, ७ मार्च. महाशिवरात्र

आमची गाय आणि बैल चारा छावणीत आहेत, त्यामुळं गोठ्यातला सिमेंटचा हौद मोकळाच होता. त्याला आतून नवा लेप देऊन बघितला. दुपारपर्यंत वाळला आणि सगळीकडं बारीक तडे गेले, केसासारखे. खरवडून काढला, पुन्हा दिला, पुन्हा तडे. धुळाजींच्या हाताखाली असं झालं नव्हतं. मी तिथंच बसून राहिलो.

वत्सला उपासाची भगर निवडत होती. महिनाभरात आज पहिल्यांदा आपण होऊन बोलली. म्हणाली, "भाकरीचं पीठ उगडं ठिवलं की वरून तडकतंच. त्याच्यावर वलं फडकं टाकत्यात."

तिसऱ्या वेळी हौदावर ओलं पोतं टाकलं आणि वरून पत्रा झाकला. बघू.

गुरुवार, १० मार्च

तडा नाही. बोटानं दाबून, नखानं ओरखडून पाहिलं. पोतं एकदाच भिजवलं होतं, एक तांब्या पाणी. झाकण असल्यामुळं ओल आतच राहिली. टाकीला तर झाकण असतंच.

वत्सलाला दाखवलं. तिनं बघितलं आणि विचारलं, सटवाला कधी सोडणार आहेत.

शनिवार, १२ मार्च

संस्थेची बैठक. मी सगळं मांडलं. आप्पा शांतपणे ऐकत होते. आप्पांनी आम्हाला उसाच्या फडातून बाहेर काढलं, संस्था नोंदवली, त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. ते म्हणाले की दहा दिवस टाकी बंद ठेवायला एकही सरपंच तयार होणार नाही, आपलं काम दुसरे घेऊन जातील. बिडी-काडी आत नेऊ नये असा कडक नियम केला की पुरे.

म्हाळू खाली मान घालून बसला होता.

छबुबाई उभी राहिली. तिनं एवढंच सांगितलं की तो फुलाचा डबा ती पुन्हा उघडणार नाही. तिच्यामागून आणखी पाच-सहा जण तसंच म्हणाले. शेवटी असं ठरलं की खडकवाडीची जळालेली टाकी पुन्हा करायचीच आहे, तिथं नवा लेप देऊन बघावा. मॅडमची परवानगी मी आणावी, गावाला मीच समजवावं.

बुधवार, १६ मार्च

सटवाला घरी सोडलं. नेकनूरच्या स्टँडवर उतरवून घ्यायला गेलो होतो. लोक वाट देत होते. कोणीतरी मागून म्हणालं, बिडीपायी बघा. त्यानं ऐकलं असेल तरी वळून पाहिलं नाही.

शुक्रवार, १८ मार्च

मॅडमनी एका टाकीपुरती परवानगी दिली. खडकवाडीचे सरपंच मात्र ऐकेनात. दहा दिवस टँकर कुठं रिकामा करायचा, हे त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, जुन्या आडात. आडात सोडलेलं पाणी पोहऱ्यानं ओढावं लागणार, नळाला येणार नाही, बायका शिव्या देतील, असं ते म्हणाले.

केशरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवशी सटवाला गुंडाळलं ती गोधडी यांची. त्या सरपंचांना म्हणाल्या, "आमच्या टाकीत मानूस भाजला. आठ-दहा दिस आडावरून वडू पानी. पन पुन्यांदा तसली गोधडी मी काडायची न्हाई."

सरपंच तयार झाले. टाकी धुवायला दर घरातून एक घागर द्यायचं तिथंच ठरलं.

सोमवार, २१ मार्च

आधी आम्ही आतले जळके पापुद्रे खरवडले. आत पहिला मी उतरलो.

वीज आत घ्यायची नाही असं ठरवलं होतं. पांढऱ्या लेपाला तशी भीती नाही, पण माझं मन तयार होईना. म्हाळूनं घरून मोठा आरसा आणला. तोंडाशी बसून त्यानं ऊन आरशावर घेतलं आणि आत टाकलं. भिंत लख्ख दिसली. ऊन सरकेल तसा तो आरसा फिरवत होता. सहा वर्षांत एवढी गोष्ट आम्हाला सुचली नाही. बल्ब लागायचाच नाही.

घागरी मोजल्या नाहीत, पण पुरल्या. संध्याकाळपर्यंत पहिला हात झाला. सगळे वर आलो तेव्हा कोणीही उगीच हसत नव्हतं, कोणाचं डोकं धरलं नव्हतं. भूक मात्र सगळ्यांना सपाटून लागली होती.

गुरुवार, २४ मार्च. धुळवड

दुसरा हात मंगळवारी झाला. ओली पोती आत लोंबती ठेवून टाकीचं झाकण लावलं आहे.

आज सकाळी सटवाकडं गेलो होतो. वत्सला आधीच तिथं होती, मंजुळाला ज्वारी निवडू लागत होती. पाण्याअभावी गावात रंग असा नाहीच, कोणी थोडी राख, थोडा गुलाल. शेजारचा बद्रीनाथ कपाळाला गुलाल लावून भेटायला आला. सटवाजवळ बसला, बिडी पेटवली आणि सटवाला हातात धरता येत नाही म्हणून त्याच्या ओठांशी नेली.

सटवानं तोंड बाजूला केलं. म्हणाला, "सोडून दोन वर्सं झाली. बा खोकून खोकून गेला तवाच सोडली."

बद्रीनाथनं विचारलं, मग टाकीत.

वत्सला ज्वारीतले खडे वेचत राहिली. बद्रीनाथनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि उठून गेला.

मीही उठून घरी आलो. दोन वर्षं. कामावर तो तंबाखू मळायचा, हे मी रोज बघत होतो. माझ्या ध्यानात आलं नाही. म्हणजे वत्सलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जबाबात मी काय लिहिलं ते मी तिला घरी येऊन सांगितलं, तेव्हाच तिला कळलं होतं. आणि मी इथं लिहीत बसलो की तिला औषधांचा वास सोसत नाही.

शुक्रवार, २५ मार्च

आज सरळ लिहितो.

वायरीचा जोड सैल होता. सकाळीच मला दिसला होता. चिकटपट्टी संपली होती, म्हणून सुतळी गुंडाळली. म्हाळू वर आला तेव्हा आतला बल्ब मिणमिणत होता. मी तो वर ओढून घेतला, हलवला, लागला, म्हणून पुन्हा खाली सोडायला लागलो. जोड माझ्या डोळ्यांदेखत सुटला. मी ठिणगी बघितली. मग जाळ. सटवाला जीपमध्ये घातल्यावर मी पहिलं काम केलं ते वायर गुंडाळून पोत्यात टाकायचं. मग म्हाळूला म्हणालो, बिडी असेल. तो हो म्हणाला. मी मुकादम, तो काय म्हणणार.

दुपारी सटवाकडं गेलो. मंजुळा कपडे वाळत घालत होती, मी तिलाही आत बोलावलं. दोघांसमोर सांगितलं. सांगताना मी भिंतीकडं बघत होतो.

सटवा म्हणाला, "ठावं हाय दाजी. म्या खालून बल्बकडंच बघत व्हतो."

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

"आक्काचं घर हाय. तुमाला धरून नेलं असतं तर तिनं कुणाकडं बघावं?" मग तो म्हणाला, "हाताचं सोसलं. पन बिडीपाई सोताला जाळून घेतलं म्हनत्यात, ते न्हाई सोसत."

मंजुळानं आणखी एक सांगितलं. स्वतःच्या चुकीनं भाजला असं जबाबात असल्यामुळं त्याच्या मदतीचा अर्ज मागं आला आहे. महिना झाला. तिनं मला कळू दिलं नव्हतं.

घरी येऊन वत्सलाला सांगितलं. तिनं चुलीपुढून मान वर केली नाही. म्हणाली, "सोमवारी कचेरी उगडली की जावा. मी येते संगं."

सोमवार, २८ मार्च

आधी आप्पांकडं गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, जबाब होऊन दोन महिने होत आले, आता उकरून कोणाचं भलं होणार. संस्थेचं नाव जाईल. सटवाला आपण संस्थेतून काहीतरी करू. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि मला क्षणभर त्यांचं पटलंही. वत्सला दाराशी उभी होती. ती आप्पांना म्हणाली, "आप्पा, माझ्या भावानं बिडी वढली न्हाई. तेवडं लिवून येतो आमी."

आप्पा दारापर्यंत आले. निघताना त्यांनी स्वतःची जीप नेता का म्हणून विचारलं. आम्ही एसटीनं गेलो.

नवा जबाब दिला. साहेबांनी दोनदा वाचून दाखवला आणि विचारलं, हे कोणी तुमच्याकडून लिहून घेत नाही ना. मी नाही म्हणालो. पुढं काय होईल ते कळवतील. म्हाळूही आला होता, न बोलावता. त्यानंही सही केली.

येताना गाडी भरलेली होती. आम्ही तिघं नेकनूरपर्यंत उभेच आलो.

शुक्रवार, १ एप्रिल

खडकवाडीची टाकी भरली. टँकरचं तोंड लावलं, पाणी चढत गेलं, मी सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं, कुठं ओल नाही. मॅडमनी बाटलीत पाणी भरून तपासायला नेलं. केशरबाईंनी नळाखाली तांब्या धरला, चूळ भरली आणि चव चांगली आहे असं सांगितलं. आडावरची रांग मोडली.

गुरुवार, ७ एप्रिल

संस्थेची बैठक. ठराव झाला तो असा. बंद टाकीत थिनरचा कुठलाही माल न्यायचा नाही. आत वीज सोडायची नाही. डब्यावर काय छापलं आहे ते काम सुरू करण्याआधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. आप्पांनी स्वतः मांडला.

मी मुकादमकी सोडली. कोणी आग्रह केला नाही, ते बरंच झालं. म्हाळू मुकादम झाला. सटवाला वाचता येतं, बोटं अजून वळत नसली तरी, म्हणून डबे-पिशव्या वाचायचं आणि आत किती माणसं गेली ते मोजायचं काम त्यानं घ्यावं असं छबुबाईनं सुचवलं. सटवा विचार करून सांगतो म्हणाला. त्यानं होकार दिलेला नाही.

चौकशीचं पत्र आलं आहे. मला पुढच्या महिन्यात हजर राहायचं आहे.

बुधवार, २० एप्रिल

पाटोद्याकडच्या पाच टाक्यांचं काम दुसऱ्यांना गेलं. ते दोन दिवसांत टाकी मोकळी करून देतात. आप्पा म्हणाले होते तसंच झालं. आपल्याला मॅडमच्या भागातल्या तीन मिळाल्या आहेत. एकोणीसपैकी सात जण तोवर रोजगार हमीवर गेले.

शनिवार, ३० एप्रिल

धुळाजी मिस्त्रींकडून माल आणायला आष्टीला निघालो होतो. वाटेत एका फाट्यावर एसटी पंक्चर झाली. सगळे झाडाखाली बसले. वारा गावाकडून येत होता आणि त्याला थिनरचा वास होता. तीन महिन्यांत तो वास आला नव्हता, तरी लगेच ओळखला.

वासामागं गेलो. शाळेजवळ जमिनीतली टाकी. तोंडाशी त्रिंबक बसलेला. आम्ही एका कारखान्यावर दोन हंगाम शेजारशेजारच्या खोपीत काढले आहेत. आता तो टोळी घेऊन टाक्यांचं काम करतो. त्यानं मला ओळखलं, राम राम केला, सटवाची चौकशी केली. मग शेजारचं फडकं उलगडून दाखवलं. त्यात बिड्यांची बंडलं, काड्यापेट्या, तंबाखूच्या पुड्या होत्या.

"तुमच्या मेव्हन्याचं कळल्यापास्नं आमी लई सांभाळतो बगा," तो म्हणाला. "आत जानाऱ्या परत्येकाचा खिसा रिकामा करून घेतो. मगच शिडी."

तो हे अभिमानानं सांगत होता. त्याच्या पायाजवळून काळी वायर आत गेली होती. मी कागदावर लिहिलेलं खोटं त्या फडक्यात नीट बांधून ठेवलेलं होतं, आणि त्याच्या जिवावर चार माणसं आत उतरली होती.

मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. म्हणालो, "त्रिंबक, बिडी नव्हती. सटवानं दोन वर्सं बिडीला हात लावला न्हाई. वायरीच्या जोडाची ठिणगी व्हती. ती वायर म्या सोडली व्हती, आन बिडीचं खोटं बी म्याच लिवून दिलं."

त्यानं वायरीकडं बघितलं आणि हात पुढं केला. मी त्याचा हात धरला. वायर ओढू नको, हलवू नको, आधी माणसं वर घे, असं सांगितलं. त्यानं एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. चौघं वर आले. शेवटचा आला तो गुडघ्यात डोकं घालून बसला, त्याला पाणी दिलं. मग त्रिंबक शाळेत जाऊन मेन बटण बंद करून आला.

उद्या टँकर येणार आहे, आता काम कसं पुरं करू, असं त्रिंबकनं विचारलं. मी नव्या लेपाचं सगळं सांगितलं, ओल्या पोत्यांचं, आरशाचं, धुळाजींचा पत्ता दिला. तो करील की नाही, मला सांगता येत नाही. आज तरी ते परत आत उतरणार नाहीत एवढं म्हणाला.

"ह्ये सगळ्यांना सांगत फिरता काय मुकादम?"

मुकादम आता म्हाळू आहे, असं मी सांगितलं. आणि कचेरीबाहेर परक्या माणसाला हे आजच पहिल्यांदा बोललो, असंही.

त्रिंबकनं फडक्याची गाठ सोडली, ज्याच्या त्याच्या बिड्या परत केल्या. मग म्हणाला, पलीकडच्या वाडीत आपल्याच फडातली दुसरी टोळी आहे, टाकी परवापासून चालू आहे. तेही खिसे रिकामे करून घेतात. त्यानंच त्यांना शिकवलं होतं.

फाट्यावर एसटीचं चाक बदलून झालं होतं. कंडक्टर हाका मारत होता. मी हात करून त्याला जायला सांगितलं. वाडी तिथून दोन कोस आहे. त्रिंबकनं प्यायला पाण्याची बाटली भरून दिली आणि मी चालत निघालो.